सूचनावही सोडू नकोस

सातारा,
6 सप्टेंबर

चि. मनू हिस,


तुझं पाकीट परवा मिळालं. फोनवर ‘बरं चाललंय’ याच्या पुढे तू कधी जात नाहीस, पत्रात मात्र चार पानं भरून तक्रार. वाचायला मजा आली, राग मानू नकोस. नव्या बाई म्हणून परिपाठ, फलकलेखन आणि सूचनावही ही तिन्ही कामं तुझ्या गळ्यात मारली. शिक्षणसेवकाच्या 18,000 रुपयांत गणित शिकवायचं, पोषण आहाराच्या नोंदी बघायच्या आणि वर सुविचारही लिहायचा, हे तुझं म्हणणं रास्त आहे. ते मुख्याध्यापकांच्या कानावर घालायचं की नाही, तुझं तू ठरव. पण घातलंस तरी तिन्हींपैकी सूचनावही सोडू नकोस. कुणी मागितली तरी देऊ नकोस.

आमच्या वेळी तिसऱ्या-चौथ्या तासाला शिपाईमामा वर्गाच्या दारात येऊन उभे राहायचे. हातात लांबट पुठ्ठ्याची वही, तिला दोरीने बांधलेलं पेन. कविता कितीही रंगात आलेली असो, थांबायचं, सूचना मोठ्याने वाचायची, खाली सही करायची, की मामा पुढच्या वर्गात. आम्हा शिक्षकांना त्याचा वैताग यायचा. पण एरवी गप्प बसवता न येणारा वर्ग तेवढ्यापुरता चिडीचूप व्हायचा. शनिवारची कवायत, सहलीचे पैसे, उद्याची अर्धी सुट्टी. धडा पुस्तकातला, ही गोष्ट त्यांची स्वतःची. सुट्टीची सूचना आहे का, हे तर पहिल्या बाकावरची मुलं मामांच्या चेहऱ्यावरूनच ओळखायची.

आता मामाच राहिले नाहीत. अनुदानित खाजगी शाळांत शिपायांची नवी पदं भरायची नाहीत, त्याऐवजी ठोक शिपाई भत्ता द्यायचा, असं सरकारने 2020 च्या डिसेंबरात ठरवलं. जुने एकेक करून निवृत्त झाले. घंटा कुठे विद्यार्थी देतात, कुठे लिपिक. आणि वहीचं काम व्हॉट्सॲपच्या पालक ग्रुपने उचललं. एका बोटात निरोप जातो, सही नको, जिना चढायला नको.

निरोप जातो, पण कुणाला? तुझ्याच शाळेचं बघ. पाटण-जावळीच्या खोऱ्यांतली कितीतरी घरं मुंबईच्या कमाईवर चालतात. बाप वाशीच्या मार्केटात माथाडी, चांगला फोन त्याच्या खिशात, पोरगी वाडीवर आजीजवळ. ‘उद्या भूमितीची पेटी आणणे’ हा तुझा निरोप कोयनेच्या काठावरून वाशीला जाणार, बापाला रात्री सवड झाली तर तो आजीच्या साध्या फोनवर सांगणार, आजीला ऐकू आलं तर ती सकाळी नातीला सांगणार. आणि ती नात दिवसभर तुझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्या बाकावर बसलेली होती!

शहरातही फार वेगळं नाही, फक्त वाट जवळची. तिथे आई ग्रुप वाचते, आई दप्तर भरते, आणि नववीतला मिसरूड फुटलेला मुलगा जेवताना विचारतो, ‘उद्या शाळेत काय आहे गं?’ चौदा वर्षांच्या पोराला त्याचा स्वतःचा उद्याचा दिवस दुसऱ्याला विचारावा लागतो, हे मला पटत नाही. ग्रुप बंद कर असं मी म्हणत नाही. पाऊस वाढून शाळा मध्येच सोडावी लागली तर त्याच्यासारखं साधन नाही. पण सूचना आधी वर्गात, मग ग्रुपवर. हा क्रम तेवढा धर.

तू नमुना म्हणून जी सूचना उतरवून पाठवलीस, ती मी दोनदा वाचली. ‘इयत्ता आठवीतील सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की, एनएमएमएस परीक्षेच्या आवेदनपत्राकरिता आवश्यक कागदपत्रांची पूर्तता विहित मुदतीत करावी.’ बाई, ही सूचना आठवीच्या मुलाने ऐकली काय आणि न ऐकली काय! सूचित कोण करतंय, कागदपत्रं कुठली, मुदत कधीची, आणि मुळात त्याने हे का करावं? यातलं काहीच तिच्यात नाही. ती वरून आलेल्या पत्राला उत्तर म्हणून लिहिली आहे, मुलासाठी नव्हे.

मी असते तर अशी लिहिली असती: ‘आठवीतल्या मुलामुलींनो, ज्यांच्या घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे आणि सातवीत ज्यांना 55 टक्के मिळालेत (अनुसूचित जाती-जमातींसाठी 50), त्यांनी एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे. परीक्षा साधारण डिसेंबरात असते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत दर महिन्याला 1,000 रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांचे 48,000. उत्पन्नाचा दाखला आणि आधार कार्डाची झेरॉक्स पुढच्या शुक्रवारपर्यंत माझ्याकडे आणा. काही अडलं तर मधल्या सुट्टीत मला भेटा.’ लांब झाली खरी. होऊ दे. 48,000 हा आकडा वर्गात मोठ्याने वाच आणि मग बघ मागच्या बाकावरची किती डोकी वर होतात ते.

आणि ‘पुढच्या शुक्रवारपर्यंत’ मी उगाच म्हटलं नाही. दाखला म्हणजे तलाठ्याची गाठ, मग सेतू केंद्र, मग तहसील कार्यालयातून तो हातात पडेपर्यंत वाट बघणं. वाडीवरून पाटणला जायचं तर एसटीच्या वेळा सांभाळायच्या, आणि जो मोठा माणूस जाईल त्याची त्या दिवसाची मजुरी बुडाली. सोमवारी सूचना काढून बुधवारी कागद मागितले, तर ज्यांच्यासाठी ही शिष्यवृत्ती आहे नेमकी तीच मुलं गळतात. राज्याच्या वाट्याला या शिष्यवृत्तीच्या 11,682 जागा आहेत. त्यांतली एखादी तुझ्या वर्गातल्या पोरीला मिळेल का, हे तिच्या बुद्धीवर आहे तसंच तुझ्या तारखेवरही आहे.

बरं, परिपाठ. राष्ट्रगीत, 2023 पासून राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. या सगळ्यात बातम्यांना मिळतात जेमतेम दोन मिनिटं, आणि त्यातही आदल्या दिवशीच्या पेपरातले मथळे. ‘शेअर बाजाराचा निर्देशांक चारशे अंशांनी घसरला’ असं सातवीतली मुलगी एका दमात वाचते, पुढे निर्देशांक म्हणजे काय हे तिलाही माहीत नसतं आणि उन्हात उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणींनाही. वाचन स्पष्ट झालं म्हणून आपण टाळ्या वाजवतो.

तू कोयनेच्या खोऱ्यात आहेस तर तिथली बातमी घे. कोयना धरणात 105.25 टीएमसीपैकी आज किती पाणी आहे, सहा वक्र दरवाजे उघडे आहेत का, असतील तर किती फुटांनी. ज्या पोराला शाळेत यायला नदीवरचा पूल ओलांडावा लागतो त्याला याहून मोठी बातमी कोणती? त्याच्या जोडीला शाळेचीच एक बातमी रोज. ग्रंथालयात पुस्तकांची नवी पेटी आली, मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ चालू झाला, तालुक्याच्या कबड्डीत आपल्या मुली पहिल्याच फेरीत हरल्या. हो, हरल्या तेही. आपल्याकडे खेळाची बातमी फक्त जिंकल्यावर होते, त्यामुळे बाकीच्या मुलांना संघ गेला होता हेसुद्धा कळत नाही. किती गुणांनी हरल्या, शेवटची चढाई कुणाची होती, हे त्या संघातल्याच एखादीला सांगू दे. बघ कशी ऐकतात.

बातम्या गोळा करायला नववीची दोन-तीन चौकस मुलं धर. हुशार नकोत, चौकस हवीत. चुकीची बातमी वाचली गेली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती तिथेच, त्याच मुलाने वाचायची. कागद आधी मुख्याध्यापकांना दाखवत जा. नळ अजून दुरुस्त झालेला नाही, ही बातमी ते वाचू देणार नाहीत. पण अनुभवाने सांगते, तो कागद त्यांच्या टेबलावर पडला की बहुधा नळच दुरुस्त होतो.

दिनविशेष मुलं मोबाइलवरून उतरवून आणतात. कुठल्या तरी देशाचा स्वातंत्र्यदिन, कुणा नटाचा जन्म. ते राहू दे. तुझ्या खोऱ्याची स्वतःची तारीख आहे, 11 डिसेंबर. 1967 साली त्या दिवशी पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. मुलांच्या घरी तो आठवणारी म्हातारी माणसं अजून सापडतील. आधीच्या आठवड्यात सूचना दे की आजी-आजोबांना विचारून चार ओळी लिहून आणा. कुणाचं घर पडलं, कुणी बाहेर पळताना काय उचललं, जनावरं कशी वागली. परिपाठाला त्या वाचायच्या. असा दिनविशेष मोबाइलमधून निघायचा नाही.

दुसरी तारीख आमच्या साताऱ्याची. 7 नोव्हेंबर 1900 रोजी इथल्या गव्हर्नमेंट हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला, रजिस्टरात नाव भिवा रामजी आंबेडकर. तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल. 2017 पासून राज्यभर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. दिवाळीच्या सुट्टीत आला नाही तर त्या दिवशी भाषण ठेवू नकोस, शाळेचं जनरल रजिस्टर मुलांना दाखव. आपलं नाव कोणत्या पानावर, कोणत्या तारखेला चढलं, हे बघायला मुलांना फार आवडतं. (जुन्या पानांवर जन्मतारखांच्या रकान्यात 1 जूनची रांग दिसेल. हेडमास्तरांनी अर्ध्या महाराष्ट्राला एकाच दिवशी जन्माला घातलंय, ते का, हेही सांगून टाक.)

फलकाबद्दल थोडंच. तू चित्र छान काढतेस हे मला माहीत आहे, म्हणूनच सावध करते. हल्ली दर्शनी फळ्यावर रंगीत खडूंनी असे देखावे काढतात की लोक फोटो काढून स्टेटसला ठेवतात, आणि उद्याच्या चाचणीची वेळ खाली कोपऱ्यात मुंगीएवढी. फळा मुलांच्या उंचीला लावून घे, अर्धा भाग कोरा ठेव आणि त्यात फक्त या आठवड्यात काय आहे ते लिही. अक्षर चांगलं असलेल्या नव्हे, तर एरवी ज्याला कुणी खडू देत नाही अशा मुलाकडून लिहून घे. शुद्धलेखन तू तपास. ‘अभिनंदन’ या मथळ्याखाली वर्षभर तीच पाच नावं दिसायला लागली की समज, फळा वाचायचं बाकीच्यांनी सोडलंय.

पुढचे महिने तुझी दमछाक करणारे आहेत. महिनाअखेर चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, मग सहामाही, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, दिवाळी. सुट्टी संपली की विज्ञान प्रदर्शन, सहल, स्नेहसंमेलन, 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, आणि श्वास घेतेस तोवर दहावीच्या तोंडी नि प्रात्यक्षिक परीक्षा. यातलं प्रत्येक तुझ्या वहीतून जाणार. स्नेहसंमेलनाच्या वेळी एक कर. नाटकात-नाचात कुणाला घेतलं ते आधी सूचनेत येऊ दे, मग तालमी सुरू होऊ देत. नाहीतर वशिल्याच्या गोष्टी तुला ऐकाव्या लागतील.

वही वर्गात फिरवायला मामा नाहीत, तर सातवी-आठवीची मुलं फिरव, दर आठवड्याला बदलून. दुसऱ्यांच्या तासाला दारात उभं राहून ‘बाई, आत येऊ का?’ म्हणायचंच ज्यांना भय वाटतं, त्यांना आधी पाठव.

इकडे सगळं ठीक. तुझ्या काकांचा गुडघा पावसाने पुन्हा धरलाय. शेजारच्यांचा मुलगा सोमवारी पाटणला जाणार आहे, त्याच्याबरोबर कंदी पेढे पाठवते. स्टाफरूममध्ये वाटलेस तरी चार मागे ठेव.

तुझी,
आत्या

ता. क. – चित्रकलेच्या सरांना एक विचार. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीच्या निकालात 7 गुण वाढतात, बीला 5, सीला 3. हे तुमच्या मुलांना कुणी सांगितलंय का? नसेल तर उद्याच्या सूचनेत घाल.