पेलोरिन्योच्या चढावर

दीर ब्राझीलमध्ये नोकरीला आहेत. त्यांच्याकडे गेलो, तेव्हा समुद्रकाठचे साल्वादोर शहर पाहिले. बंदराकडून वरच्या वस्तीत जायला लासेर्दा लिफ्ट आहे. ती १८७३ पासून चालू आहे. वर पेलोरिन्यो: रंगीत जुनी घरे, उभे चढ, दगडी रस्ते. बाबागाडी दोन पावलांत अडली. तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेतले. पांढऱ्या पोशाखातली बाई पाम तेलात चवळीचे वडे तळत होती. लेकीला मात्र नारळपाणीच हवे होते.

पेलोरिन्यो म्हणजे गुलामांना बांधून फटके मारण्याचा खांब. हे कळल्यावर घरांचे रंग वेगळे दिसू लागले. जवळच्याच एका उतारावर २४-२५ जानेवारी १८३५ च्या रात्री, रमजान महिन्यात, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा उठाव सुरू झाला. पुढारी मुस्लिम होते. त्यांना ‘माले’ म्हणत. उठाव चिरडला गेला. सत्तरहून अधिक जण मारले गेले. झडत्यांत पोलिसांना अरबी कागद मिळाले. काहींवर कुरआनच्या आयती, काहींवर नुसता अक्षरांचा सराव. तेच गुन्ह्याचे पुरावे ठरले.

मी रोज वर्गात मुलांकडून अक्षरे गिरवून घेते. दिवसभर राबून, जीव धोक्यात घालून ‘अलिफ’ शिकणारे ते लोक डोळ्यांसमोरून हलेनात. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

रात्री खोलीवर लेकीने कागदावर उभी रेघ ओढली. “अम्मी, अलिफ!” एरवी असे कागद केरात जातात. हा मी घडी घालून जपून ठेवला आहे.