खड्ड्याची सावली

न्हावरं सोडून पारगावकडे निघालं की गावातले दिवे लगेच मागे पडतात. मग भीमेच्या पुलापर्यंत ऊस आणि अंधार. दिवाळीनंतर ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, चांदणंसुद्धा रस्त्यावर धड उतरत नाही. शिरूरहून दौंडला मी रात्री याच वाटेने सायकल काढतो, ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीच्या सरावाला. 300 किलोमीटरला 20 तास मिळतात, त्यामुळे रात्र काही चुकत नाही.

पहिला दिवा मी लुमेन बघून घेतला. सगळेच तसा घेतात. हजार लुमेन! तो हेल्मेटवर बांधला. मान वळेल तिकडे लख्ख उजेड. आणि त्याच लख्ख उजेडात एका रात्री पुढचं चाक खड्ड्यात गेलं, कोपर सोलून निघालं. खड्डा मला दिसला होता, पण मी त्याला डांबराचं ठिगळ समजलो.

नंतर घरी बसून कारण उमगलं. डोळ्याजवळूनच उजेड गेला की सावली वस्तूच्या मागे दडते, रस्ता सपाट चित्रासारखा दिसतो. तोच दिवा हँडलच्या खाली, चाकाच्या वर लावला की खड्ड्याची अलीकडची कड आत काळी सावली टाकते. बोटभर खोल असला तरी दहा-पंधरा मीटरवरून कळतो. ठिगळाला सावली नसते. वडिलांच्या सायकलचा 6 व्होल्ट, 3 वॅटच्या डायनॅमोवरचा दिवा मिणमिणता होता, चढाला तर जीव सोडायचा. पण दिव्याची जागा बरोबर होती.

ताशी 20च्या वेगाने सेकंदाला साडेपाच मीटर जातात. पुढचे वीस मीटर नीट दिसले तरी पुरे. लुमेनपेक्षा उजेड किती पसरतो आणि वर कुठे कापला जातो, हे मी आता दुकानात भिंतीवर पाडून बघतो. दुकानदार वैतागतो. जर्मनीत असा वरून कापलेला झोत कायद्यानेच लागतो. आमच्याकडे तो धडा गाडीवानाने दिला : “ओ पाव्हणं, खाली करा ती लाईट, बैल बुजत्यात!”

मागचा लाल दिवा मी स्थिरच ठेवतो. लुकलुकणाऱ्या दिव्यावरून मागच्या गाडीला अंतराचा अंदाज येत नाही, असं माझं मत. पुढे मात्र बिनदिव्याच्या ट्रॉल्या असतात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन, बाहेर आलेल्या उसासकट. रिफ्लेक्टरची एखादी मळकी पट्टी चमकली तर नशीब.

हेल्मेटवर आता अगदी छोटा दिवा असतो, पंक्चरपुरता. मागच्या हंगामात पारगावच्या पुढे नेमका तोच घरी राहिला आणि मागचं चाक बसलं. जवळच गुऱ्हाळ होतं, चुलवाणाचा लाल उजेड रस्त्यापर्यंत येत होता. शेजारच्या रानात रात्रपाळीच्या लाईटीवर एक आजोबा दारं धरत होते, कपाळाला बॅटरी बांधलेली. ते बांधावरून आले, ट्यूबवर वाकले. हात मोकळे, नजर जाईल तिथे उजेड. त्यांच्या कामाला आणि माझ्या पंक्चरला तोच दिवा बरोबर होता. खिळा त्यांनाच सापडला.

उठताना त्यांनी माझ्या पुढच्या दिव्यावर बोट फिरवलं.

“केवढ्याला घेतला?”

मी निम्मीच किंमत सांगितली. तरी ते बराच वेळ हसत होते.