आधी अमानत, मग दुरुस्ती

घरातला कॉम्प्युटर आता कपाटासारखाच झाला आहे. मुलांच्या मार्कशीट, निकाहनाम्याची स्कॅन प्रत, घराची कागदपत्रे, दुकानाचा हिशेब, सगळे त्यातच. आमच्या मोमिनपुऱ्यातल्या घरी त्यात आणखी एक ठेव होती : मरहूम अब्बांनी उर्दूत टाइप करून ठेवलेला खानदानाचा शजरा आणि आठवणी.

गेल्या मे महिन्यात हा कॉम्प्युटर बिनसला. कधी ब्राउझर आपोआप बंद व्हायचा, कधी एक्सेल. नवे फोटो अर्धेच दिसायचे, खाली नुसता करडा रंग. वर्डमध्ये अब्बांच्या फायली उघडल्या तर निरर्थक चिन्हांचा पसारा. अम्मी रोज विचारायची, "बेटा, त्यांचं लिखाण मिळेल ना?" जो तो सांगत होता, "फॉरमॅट मारा." फॉरमॅटने मशीन कदाचित सुधारलेही असते, पण अमानत गेली असती.

म्हणून आधी फायली वाचवायच्या, मग दोष शोधायचा, असे ठरवले. ज्या मशीनवर भरवसा नाही, त्याच्याकडूनच नक्कल करून घेणे बरे नव्हे. हार्ड डिस्क काढली, सीताबर्डीहून आणलेल्या यूएसबी केसमध्ये बसवली आणि भाच्याच्या लॅपटॉपवरून सगळे उतरवून घेतले. चेकडिस्कसारखी दुरुस्तीही त्यानंतरच. कारण ती डिस्कवरच्या नोंदी बदलते.

एकच प्रोग्राम वारंवार बंद पडत असेल, तर दोष बहुधा त्याच प्रोग्रामात असतो. आज हा, उद्या तो असे होत असेल, तर रॅम, हार्ड डिस्क, उष्णता आणि वीजपुरवठा तपासावा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पंख्यात धूळ साचली की आतली गरम हवा बाहेर पडत नाही. धूळ साफ केली, तरी दुखणे राहिले. मग विंडोजमध्येच असलेली मेमरी डायग्नोस्टिक चाचणी लावली. रॅमच्या दोन पट्ट्या एकेक करून तपासल्या. एक खराब निघाली. ती बदलताच प्रोग्राम बंद पडणे थांबले.

मात्र मशीन सुधारले म्हणून बिघडलेली फाइल सुधारत नाही. अर्धे फोटो तसेच राहिले. काही नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये सापडले, काही कायमचे गेले.

अब्बांच्या फायली मात्र धडधाकट होत्या! त्या इनपेजमध्ये केलेल्या होत्या आणि वर्डला ती भाषाच कळत नव्हती. कृतिदेवमध्ये टाइप केलेली मराठी त्या फॉन्टशिवाय जशी दिसते, तसाच काहीसा प्रकार. इनपेज असलेल्या मशीनवर उघडताच शजरा जसाच्या तसा समोर आला. अम्मीने अल्हम्दुलिल्लाह म्हटले आणि पडद्यावरची नावे बोट ठेवून वाचू लागली. आम्ही लगेच त्याची पीडीएफ केली आणि मजकूर युनिकोडमध्येही आणून ठेवला.

सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि त्याला साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. एकट्याच्या आठवणीवर हक्क सोपवायचा नाही, ही त्यातली शिकवण आम्ही फायलींनाही लावली. आता एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर असते, दुसरी बहिणीकडे कामठीला. दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला नवी प्रत काढतो आणि दोन-चार फायली उघडूनही पाहतो. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.