आधी प्रत, मग दुरुस्ती

पेण आणि रोहा या दोन गावांत मी फोटो आणि डिस्कचं काम करतो. लग्नसराई उरकून पहिला पाऊस पडला, की माझ्या टेबलावर आजारी डिस्का यायला लागतात. मे महिन्यात फोटोग्राफरांनी त्या तुडुंब भरलेल्या असतात, जूनच्या वादळी पावसात लाईट सारखी येते-जाते, आणि चालत्या डिस्कची वीज झटक्यात तुटणं तिला मुळीच मानवत नाही. शिवाय आमची हवा. धरमतर खाडीचा दमट, खारा वारा धातूला सोडत नाही. हार्ड डिस्कच्या हिरव्या बोर्डाखाली, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे संपर्काचे ठिपके असतात, ते काळे पडतात. बोर्डाचे स्क्रू काढून ते ठिपके पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने घासले, एवढ्यावर कधी कधी मेली म्हणून आणलेली डिस्क बोलू लागते.

पण हे कधी कधीच. एरवी डिस्क हातात आली की मी ती लगेच संगणकाला लावत नाही. आधी विचारतो: पडली होती का, आवाज कसला येत होता, आणि आतापर्यंत तिच्यावर कोणी काय काय करून पाहिलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना द्यायला नको असतं, आणि मला तेच सगळ्यांत जास्त हवं असतं. 'डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करा' असा संदेश आल्यावर कोणी 'हो' म्हटलेलं असतं, कोणी विंडोजचा दुरुस्तीचा प्रोग्रॅम रात्रभर चालवलेला असतो. तो प्रोग्रॅम डिस्क निरोगी आहे असं धरून चालतो. खराब जागा सापडली की तो तिथेच पुन्हा पुन्हा धडका देतो, वर फाइलींच्या नोंदीही बदलून ठेवतो. शेवटची घरघर लागलेल्या डिस्ककडून असली मेहनत करून घेणं म्हणजे जे वाचलं असतं तेही घालवणं.

आतली रचना डोळ्यांसमोर आणली की हे पटतं. चकती मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. धुळीचा कणही त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा. म्हणून टक, टक, टक असा ठेक्यात आवाज करणारी डिस्क मी चालूच ठेवत नाही. तिथे बहुधा हेड जायबंदी झालेलं असतं आणि प्रत्येक फेऱ्यात चकती खरवडली जाण्याचा धोका असतो. अशी डिस्क मी उघडत नाही, स्वच्छ हवेची खोली असलेल्या मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवा असं सांगतो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय अजूनही लोक करतात. कोकणच्या हवेत गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. तो उपाय कृपा करून करू नका.

जी डिस्क फिरते आहे, ओळखली जाते आहे, पण मधेच अडखळते, ती माझ्या हातातली. अशा डिस्कमध्ये मोजकीच वाचनं शिल्लक आहेत असं मी धरून चालतो. फोल्डर उघडून 'फोटो आहेत का बघू' म्हणणंसुद्धा त्यातलंच एक वाचन खर्च करणं आहे. म्हणून आधी संपूर्ण डिस्कची सेक्टरागणिक, म्हणजे साठवणीच्या एकेका छोट्या कप्प्यागणिक, प्रत दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरवायची आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करायचं. यासाठी लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेला प्रोग्रॅम मी वापरतो. तो फुकट मिळतो आणि त्याची कामाची पद्धत फार शहाणी आहे. वाईट जागा लागली की तो तिथे झगडत बसत नाही, उडी मारून पुढे जातो आणि आधी सोपं सोपं सगळं पदरात पाडून घेतो. मग उलट्या दिशेने येतो, उरलेल्या भोकांच्या कडा कुरतडतो आणि अगदी शेवटी एकेका सेक्टरच्या मागे लागतो. काय मिळालं, काय राहिलं याचा नकाशा तो एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहीत जातो. त्यामुळे लाईट गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. आमच्याकडे या एका सोयीचं मोल फार आहे.

हमरापूरकडच्या एका मूर्ती कारखानदारांची डिस्क अशीच आली होती. हमरापूर, जोहे, कळवे ही गावं वर्षभर गणपती घडवतात. मुंबईचं गिऱ्हाईक फोनवर 'त्या वर्षीची, लोडाला टेकलेली' एवढंच म्हणतं आणि कारखान्यात जुना फोटो शोधला जातो. साचा झिजून मोडीत निघाला की त्या मूर्तीचं रूप फक्त फोटोत उरतं. डिस्क इतकी रडत होती की सगळं निघेल याची खात्री नव्हती. फाइलींची यादी जिथे असते तेवढा भाग मी आधी उतरवून घेतला आणि ती यादी त्यांच्यासमोर ठेवली. "काका, आधी काय काढू?" मी विचारलं. त्यांच्या मुलाला स्वतःच्या लग्नाचे फोटो हवे होते. ते म्हणाले, "लग्नाचे फोटोग्राफरकडे मिळतील. आधी शाडूच्या मूळ मूर्तींचे काढ, ते दुसरीकडे कुठेच नाहीत." तेव्हापासून हाच प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो: यातलं दुसरीकडे कुठेच नाही असं काय आहे? त्या क्रमाने काढतो. आवडीच्या क्रमाने काढत नाही.

यादीच नष्ट झाली असेल तर वेगळी वाट धरावी लागते. क्रिस्तॉफ ग्रेनिए यांचा फोटोरेक हा प्रोग्रॅम नावं आणि फोल्डर विसरून थेट सेक्टर चाळतो आणि जेपेगची सुरुवातीची खूण दिसली की तिथून फोटो उचलतो. हाताशी येतात हजारो बिननावाचे फोटो, हळद, साखरपुडा, बारसं सगळं एकत्र. पण कॅमेऱ्याने फोटोच्या पोटातच तारीख-वेळ लिहिलेली असते, तिच्यावरून दिवस जुळवता येतात. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं मागेपुढे असतील तर अंतरपाट दूर होतानाचा एक क्षण दोन्हींत शोधायचा आणि तो फरक बाकी सगळ्यांना लावायचा. काही फोटो अर्धेच निघतात: मुंडावळ्या, चेहरे स्वच्छ आणि छातीखाली राखाडी पट्टा. जेपेगमध्ये पुढचा भाग मागच्या भागाच्या आधारावर लिहिलेला असतो, म्हणून मधला एक तुकडा गेला की खालचं सगळं विसकटतं. तरी चेहरा आहे म्हटल्यावर लोक तो छापून घेतात. कॅमेऱ्याची कच्ची, 'रॉ' फाइल मोडली असेल तर तिच्या आत दडलेली छोटी जेपेग मी नेहमी शोधतो. पुष्कळांना ती असते हेच माहीत नसतं.

जुन्या लग्नांच्या सीडींचा किस्सा निराळा. लोक खालच्या चकचकीत बाजूला जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने नावं लिहितात. सीडीचा चंदेरी थर वरच्याच बाजूला, पातळ लॅकरखाली असतो. तिथला ओरखडा भरून येत नाही. खालचा बऱ्याचदा पॉलिश करता येतो. एका ड्राइव्हला वाचता न येणारी सीडी दुसरा ड्राइव्ह वाचतो, म्हणून मी जुने ड्राइव्ह मोडीत घालत नाही. मेमरी कार्ड चुकून फॉरमॅट झालं तर ते कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवा, बहुधा फोटो जागेवरच असतात. एसएसडीवर मात्र ही आशा धरू नका. पुसलेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते.

एवढं सगळं येत असूनही मला मनापासून वाटतं ते हे, की कोणावर माझ्याकडे यायची वेळच येऊ नये. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आमच्या भागात यातलं शेवटचं कलम सगळ्यांत महत्त्वाचं. 1989 च्या जुलैत अंबा नदीच्या पुरात नागोठणं बुडालं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने रायगडभर घरांचे पत्रे उडवले. मूळ डिस्क आणि तिची प्रत एकाच कपाटात असेल तर अशा दिवशी दोन्ही एकदमच भिजतात. फोन फोटो आपोआप इंटरनेटवर चढवतो आहे यावरही विसंबू नका. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 ला बंद झाली. जागा भरल्यावर वर चढणं थांबतं आणि थांबल्याची सूचना कोणी वाचत नाही. पिक्सारसारख्या स्टुडिओतही 1998 मध्ये 'टॉय स्टोरी 2' च्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या, आणि बॅकअप नीट होत नव्हता हे तेव्हा कळलं. तिथल्या गॅलिन सुसमन घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती म्हणून चित्रपट वाचला.

तेव्हा यंदा पाऊस सुरू व्हायच्या आत एक डिस्क भरून दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे, मामाकडे ठेवायला द्या. देण्याआधी तिच्यातले निरनिराळ्या वर्षांचे फोटो पूर्ण आकारात उघडून बघा, नुसती फोल्डरांची नावं पाहून समाधान मानू नका. आणि घरातली डिस्क अडखळायला लागली, तर काहीही करून पाहू नका. वायर काढा आणि तशीच घेऊन या.