धार येतेय का?

आमच्याकडे बोट आहे असं ऑफिसात सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, "बुलढाण्यात? बोट?"

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. बुलढाणा म्हटलं की लोकांना शेगावची कचोरी आठवते, नाहीतर लोणारचं सरोवर. लोणारचं पाणी खारं, तिथे बोटीचा प्रश्नच नाही. पण बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आलात की नळगंगेचं धरण आहे. ही नळगंगा पुढे पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला. सध्या पेपरात जे वैनगंगा-नळगंगा नदीजोड म्हणून छापून येतं, भंडाऱ्याच्या गोसीखुर्दपासून ४२६ किलोमीटर कालवे आणि बोगदे काढून पाणी आणायचं, ते यायचं आमच्या याच धरणात. ते येईल तेव्हा येईल. तूर्तास मे महिन्यात धरण खाली जातं, काठाला काळ्या मातीचा गुडघाभर गाळ उरतो आणि त्या गाळातून आमची होडी ओढत पाण्यापर्यंत न्यावी लागते.

होडी काकांची. काका म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात घालवलेला माणूस. रिटायर झाल्यावर लोक चारधाम करतात, काकांनी चौदा फुटी जुनी फायबरची होडी घेतली आणि कोकणातून कुणाकडून तरी आठ हॉर्सपॉवरचं सेकंडहँड टू-स्ट्रोक इंजिन आणलं. होडीच्या मागच्या फळीला शिकंजाने आवळून बसवायचं, दोरी ओढून सुरू करायचं, एवढंच. धरणातल्या मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो. तिथल्या लोकांशी काकांचं जुनं सूत, त्यामुळे त्यांच्या परवानगीने आम्ही गळ टाकून बसतो. लागला तर रोहू, कटला. नाही लागला तर डब्यातली भाकरी आणि ठेचा. बहुतेक वेळा ठेचाच :)

मी पुण्याहून दोन-तीन महिन्यांतून एकदा जातो. पूर्वी मला वाटायचं की बोट म्हणजे पाण्यावर बसणं. काकांकडे गेल्यावर कळलं की पाण्यावरचा एक तास म्हणजे अंगणातले चार तास. एसटीत ठराविक किलोमीटर झाले की गाडी डॉकिंगला लागते, ती बिघडलेली असो नसो. काकांनी तोच नियम होडीला लावलाय. त्यांची एक लांबडी वही आहे. तारीख, इंजिन किती तास चाललं, काय बदललं, काय दिसलं. "काय दिसलं" हा रकाना सगळ्यात मोठा.

त्या वहीतल्या दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण मला त्या फार आवडतात.

एक म्हणजे तंगूस. जाळ्याचा तुटका तंगूस पाण्यात तरंगत असतो, तो पंख्याला गुंडाळतो. पंखा फिरतच राहतो, त्यामुळे कुणाला कळत नाही. पण तो नायलॉनचा बारीक धागा पंख्यामागच्या दांड्यावर आवळत जातो आणि तिथलं ऑइल सील कापतो. मग गिअरच्या ऑइलमध्ये पाणी. म्हणून काका अधूनमधून पंखा काढून आत बघतात आणि खालचा स्क्रू सैल करून दोन थेंब ऑइल बोटावर घेतात. काळसर असेल तर ठीक. ताकासारखं पांढरट दिसलं की सील गेलं.

दुसरी गोष्ट, जस्ताचा तुकडा. इंजिनाच्या पाण्यातल्या भागावर एक जस्ताचा ठोकळा असतो, तो स्वतः झिजतो आणि ॲल्युमिनियमला वाचवतो. समुद्रात उत्तम. पण गोड्या पाण्यात जस्तावर पापुद्रा धरतो आणि तो नुसता बसून राहतो. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचा लागतो. कोकणातून आलेल्या इंजिनाला अर्थात जस्ताचाच होता. काकांनी हे एका वर्षात ओळखलं, कसं ते विचारू नका. ठोकळा झिजत नव्हता म्हणून त्यांना संशय आला! वस्तू चांगली राहिली म्हणून काळजीत पडणारा माणूस मी हा एकच पाहिला.

तिसरी गोष्ट पेट्रोलची, आणि खरी कथा इथूनच सुरू होते.

२०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर तेच मिळू लागलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल टिकतंय किती, त्यामुळे तिथे हे फारसं जाणवत नाही. पण महिना महिना उभ्या राहणाऱ्या जुन्या इंजिनात ते कार्बोरेटरच्या वाटीत पडून राहतं, आत पांढरी बुरशीसारखी पूड धरते, बारीक जेट बुजतात, जुन्या रबरी नळ्या फुगतात. म्हणून काकांचा नियम असा की टाकीत साठवायचं नाही, लागेल तेवढंच आणायचं, ऑइलही तेव्हाच मोजून मिसळायचं. आणि इंजिन ठेवायच्या आधी पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे वाटी रिकामी होते.

मार्च २०२५. होळीचा वीकेंड. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्याला पट्टी. मी गावी. काकांचा बुलढाण्याहून फोन आला.

"इंजिन तसंच पडून हाय. नळी काढ, चालू कर, आपोआप बंद पडू दे. कोरडं करून ठेवजो."

"हो काका, करतो."

मी केलं. अंगणात लाकडी घोडीवर इंजिन लटकवलेलं होतं. दोरी ओढली, सुरू झालं, दीड-दोन मिनिटं मस्त फडफडलं आणि बंद पडलं. मी त्याचा व्हिडिओ काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. सात-आठ अंगठे आले.

आता जाणकारांच्या लक्षात आलंच असेल. आउटबोर्ड इंजिनाला रेडिएटर नसतो. ज्या पाण्यात ते उभं असतं तेच पाणी खालून ओढून सिलिंडरभोवती फिरवायचं आणि बाहेर टाकायचं, असा कारभार. ते ओढायला खालच्या पायात एक छोटा पंप असतो आणि पंपात रबराचं सहा पाकळ्यांचं फूल, त्याला इंपेलर म्हणतात. त्या रबराला वंगण पाण्याचंच. पाण्याशिवाय फिरलं तर धातूच्या वाटीवर घासून काही सेकंदांत खराब व्हायला लागतं. म्हणून काका इंजिनाचा पाय निळ्या ड्रमभर पाण्यात बुडवूनच ते सुरू करतात. ड्रम तिथेच होता. पण उन्हाळा लागल्यामुळे त्यात गाईचं पाणी भरलेलं होतं, आणि मला तो ड्रम इंजिनाचा आहे हे सुचलंच नाही.

काका "पाण्यात ठेवून" असं म्हणाले नाहीत. त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखंच नव्हतं. आमच्या धंद्यात यावर जाडजूड कागदपत्रं लिहितात, तरी दर प्रोजेक्टमध्ये हेच होतं. एकाने सांगितलं "कोरडं कर". दुसऱ्याने कोरडंच चालवलं.

मे महिन्यात मुलीला सुट्टी लागली आणि आम्ही दोघं गावी गेलो. ती नऊ वर्षांची. काकांचा डोळा आता ठणठणीत. दुपारी चारला होडी काढली. तिघांच्या अंगात लाइफ जॅकेट. ही जॅकेटं काकांनी आदल्या वर्षी आणली होती. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात, कुगावहून कळाशीला जाणारी बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला आला, सहा जण गेले. ती बातमी वाचून काका दुसऱ्या दिवशी जॅकेटं शोधायला निघाले होते.

इंजिनापाशी मी बसलो, काका पुढे मुलीजवळ. दोरी ओढली, सुरू झालं. इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार बाहेर पडते. पंप चालतोय हे सांगणारी तेवढी एकच खूण, ना काटा ना दिवा. आम्ही सर्व्हरला हार्टबीट म्हणतो ना, तेच.

काकांनी पुढून विचारलं, "धार येऊन रायली का? पाय बरं."

मी पाहिलं. येत होती, पण थेंब थेंब, लहान मुलाच्या नाकासारखी. मला वाटलं, भोकात गाळ अडकला असेल, चालता चालता सुटेल. ऊन होतं, मुलगी उतावीळ झाली होती, होडी गाळातून ओढून माझी कंबर गेली होती. मी म्हणालो, "येतेय."

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

अर्धा किलोमीटर गेलो असू. इंजिनाचा आवाज जड झाला, तापलेल्या रंगाचा वास आला आणि ते गपकन थांबलं. मी दोरीला हात घालणार तेवढ्यात काका ओरडले, "ओढू नको! गरम हाय, थंड होऊ दे." तोवर पश्चिमेकडे आभाळ काळं झालं होतं. मे महिन्यातली संध्याकाळ, वारा पाच मिनिटांत उठला. लाटा म्हणजे काही समुद्राच्या नव्हेत, पण होडी आडवी झाली की पाणी आत येत होतं. मुलगी आधी हसत होती, मग गप्प झाली.

होडीत बांबूची दोन वल्ही कायम असतात. मी त्यांना नेहमी हसायचो. आउटबोर्ड इंजिन बाजारात आणणारा ओले एव्हिनरूड अमेरिकेतल्या मिलवॉकीचा. त्याची गोष्ट अशी सांगतात की बायको होणाऱ्या मुलीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्हवून वल्हवून जीव गेला, आइस्क्रीम वितळलं, म्हणून त्याने इंजिनाचा ध्यास घेतला आणि १९०९ मध्ये ते विकायला काढलं. ही गोष्ट मी काकांना कौतुकाने सांगितली होती. तेव्हा काका म्हणाले होते, "पण तो वल्ही घेऊन गेलता ना?"

मी गावाच्या दिशेने वल्हवायला लागलो. काकांनी हात धरला. "घरी नाई जायचं. काठाले जायचं." म्हणजे वाऱ्याविरुद्ध ओढत बसायचं नाही, वारा नेतो तिकडे, पण होडी सरळ धरून. समोरचा काठ घरापासून लांब होता, पण तो आमच्याकडे येत होता. पाऊण तासात लागलो. दोन्ही तळहात सोललेले. गाळात उतरून होडी ओढली आणि मग पाऊस आला. मुलीला बाभळीपासून लांब, मोकळ्यावर ताडपत्रीखाली बसवलं. एवढंच झालं. कुणाला काही झालं नाही. पण "एवढंच" हा शब्द मला अजून नीट उच्चारता येत नाही.

दोन दिवसांनी अंगणात काकांनी पंप उघडला. सहा पाकळ्यांपैकी तीन मुळापासून तुटलेल्या, उरलेल्यांची टोकं घासून चकचकीत. तुटलेले तुकडे वर पाण्याच्या वाटेत अडकले होते, ते त्यांनी एकेक करून तारेने काढले आणि वर्तमानपत्रावर जुळवून ठेवले, सगळे आले की नाही ते बघायला.

मग एक पाकळी अंगठ्याने चोळत म्हणाले, "गाळानं असं नाई होत. हे पानी नसतानी फिरलेलं रबर हाय."

मी सांगितलं. होळीचं सांगितलं, व्हिडिओचंही सांगितलं. आणि जे सांगायचं नव्हतं तेही सांगितलं, की धार नीट येत नव्हती हे मला दिसलं होतं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही काढली. मी डोकावून पाहिलं. "इंपेलर गेला. कारण, पाण्याबिगर चालवलं. सांगताना पाणी म्हणायचं राहिलं. धार कमी होती तरी निघालो."

"निघालो." माझं नाव कुठेच नव्हतं.

"काका, माझं नाव लिहा ना. चूक माझी होती."

"नाव कायले लिवायचं? इंजिनले नाव समजते का?" आणि मग जरा थांबून, "तू सांगतलं नसतं तं मी गाळ लिवला असता. अन् मग पुढच्या साली पुन्हा."

आमच्याकडे मोठा बिघाड झाला की मीटिंग भरते. भिंतीवर लिहिलेलं असतं की कुणाला दोष द्यायचा नाही, फक्त कारण शोधायचं. सगळे मान डोलावतात आणि मनात नाव शोधत असतात. मी स्वतः अशा बऱ्याच मीटिंगा चालवल्यात. त्या कशासाठी असतात ते मला त्या अंगणात कळलं. माणसाला सोडून द्यायचं ते दया म्हणून नव्हे, तर त्याने खरं सांगावं म्हणून. वहीत खोटं कारण गेलं की पुढची सगळी पानं वाया.

नवा इंपेलर मुंबईहून कुरियरने आला. बसवताना पाकळ्यांना साबणाचं पाणी लावायचं आणि दांडा फिरायच्या दिशेने फिरवत दाबायचं, म्हणजे त्या बरोबर वळतात. एक जादा मागवलाय, तो वल्ह्यांशेजारी डब्यात असतो. इंपेलर दर दोन वर्षांनी बदलायचा, चांगला दिसला तरी, असं वहीत आलंय. आणि ड्रमवर काकांनी पांढऱ्या रंगाने लिहिलंय, "इंजिन". गाईला वेगळी टाकी.

अजून एक नियम झाला. तो मुलीने तिच्या अक्षरात लिहिलाय, "धार दोघांनी बघायची." इंजिनावर बसलेल्याने स्वतःच "येतेय" म्हणायचं नाही. त्याला निघायची घाई असते.

परवा दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. धरण भरलेलं, गाळ पाण्याखाली. दोरी ओढली. मुलगी मागे वाकून बघत होती.

"येतेय!"

काका पुढून, "कशी येऊन रायली?"

"करंगळीएवढी. सरळ."

"मंग चाल."

मासा नाही लागला. ठेचा मात्र उत्तम होता.