भयाची आठवण

आहुपे येथील आमच्या घरीं भाताच्या कणगीजवळ पिंजरा लाविला होता. दार पडतांना एका उंदराचें शेपूट तुटलें व तो निसटला. पुढें कितीही भाकरी ठेविली तरी तो बांडा उंदीर पिंजऱ्याकडे फिरकला नाहीं. पावसाळ्यांत घाटाच्या कड्यावर पाय घसरल्यापासून आम्हीही तेथें जात नसूं. धाकटा भाऊ आम्हांस भित्रा म्हणे.

1994 सालीं अमेरिकेंतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेंत आल्सिनो सिल्व्हा व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांवर एक प्रयोग केला. क्रेब नांवाच्या प्रथिनाच्या जनुकांत बिघाड असलेल्या उंदरांस एका पेटींत विजेचा हलका झटका दिला. अर्ध्या तासानें त्या पेटींत ठेवितांच ते इतरांप्रमाणेंच भयानें थिजले. 24 तासांनीं मात्र तें भय त्यांस फारसें आठवेना. क्षणिक स्मृति पक्की होण्यास मेंदूंत नवीं प्रथिनें घडावीं लागतात; तें काम क्रेब सुरू करवितें.

वाचकहो, असा विसराळू उंदीर आमच्या घरीं किती दिवस वांचता? भय आठवणें हा भित्रेपणा नव्हे, तें शिकणेंच होय. यंदा उन्हाळ्यांत, वाट कोरडी झाल्यावर, भावाचा हात धरून आम्ही कड्यावर जाणार आहों. निर्भयताही शिकावीच लागते.