चेंबर

आमच्या कर्जतच्या गॅरेजात ऑइल पॅन हा शब्द मी कधी ऐकला नाही. तो चेंबर. इंजिनाच्या बुडाला बोल्टांनी आवळलेली पत्र्याची खोल परात म्हणा ना. सगळं ऑइल तिच्यात साठतं. पंप ते जाळीतून ओढतो आणि दाबानं वर बेअरिंगांना पोचवतो. इंजिनात सर्वांत खाली तोच, म्हणून दगडाचा पहिला मारही त्यालाच.

१९९८ च्या डिसेंबरअखेरची गोष्ट. रमजानचे दिवस. मी कॉलेजात होतो, सुटीत चाचांची जीप सीटा भरून चालवायचो. राशीनहून येताना बैलगाडीला वाट द्यायला रस्ता सोडला आणि खालून ठण्‌कन आवाज आला. थोड्या वेळानं ऑइलची लाल बत्ती लागली. थांबायला हवं होतं. पण मगरिब जवळ आलेली, गाडीत बारा माणसं, त्यांत दोन रोजेदार म्हाताऱ्या. दोन-तीन किलोमीटर तशीच रेटली. इंजिन टकटक करू लागलं तेव्हा कुठं बंद केली. ही बत्ती ऑइल कमी झालंय असं सांगत नाही, दाब गेलाय असं सांगते. म्हणजे ती लागते तेव्हा उशीर झालेलाच असतो. मेकॅनिकच्या पोराला हे सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी फजर झाल्यावर अब्बा गाडीखाली शिरले. जॅकवर कधी विसंबायचं नाही, चासीखाली लाकडी ठोकळे हवेतच. उरलंसुरलं ऑइल काढलं, बोल्ट सोडले. चिकटलेलं पॅकिंग सुटेना, तर पाचर न मारता लाकडी हातोडीनं कडेकडेनं ठोकत सोडवलं. पाचरीनं काठ वाकतो आणि मग ऑइल जन्मभर गळतं. रोज्यात तोंडाशी थेंब ठिबकत होते. ते बाहीनं पुसत होते.

चेंबर बाहेर आल्यावर अब्बांनी तळाच्या गाळात बोट फिरवलं आणि उन्हात धरलं. बोटावर चमचम होती. बेअरिंगची भुकटी.

"बत्ती लगी थी क्या रे?"

"नै."

ते काही बोलले नाहीत. खालूनच कनेक्टिंग रॉडच्या टोप्या उघडल्या. दोन बेअरिंगं खरवडली होती, क्रँक मात्र वाचला होता. बेअरिंगं नगरहून आणली. फुटका पत्रा वेल्डिंग करून घेतला, बोल्टांच्या भोकांपाशी दबलेला काठ ठोकून सपाट केला, जाळी डिझेलनं धुतली. कॉर्कचं नवं पॅकिंग लावून बोल्ट मधून कडेला, समोरासमोरचे, दोन फेऱ्यांत आवळले. फार आवळलं की कॉर्क फुटतो, हे शहाणपण मी तिथंच शिकलो. नवं ऑइल भरून गाडी चालू केली, बत्ती विझली. अब्बा खाली पुठ्ठा टाकून तासभर बसून राहिले. एक थेंब पडला नाही.

चाचांकडून त्यांनी मजुरी घेतली नाही. बेअरिंगांचे पैसेही नाहीत. चाचा हुज्जत घालत राहिले, अब्बा हात धूत राहिले.

ईद झाल्यावर मी त्यांना खरं सांगितलं.

"मालूम था," ते म्हणाले. "उस बत्ती का वायर मैंच जोड्या था, पिछले हप्ते. चाचा को तू बोल."

चाचांना सांगायला मला आणखी सहा वर्षं लागली. तोवर जीप विकूनही झाली होती.